नारळभर उंचीची गाडी

गाडी घ्यायची तर जर्मनच, हा निर्णय मी घेतला तेव्हा माझ्या स्कूटरवर नुकतंच नारळाचं पाणी उडालं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे महाडात कोणालाच कळलं नाही. पोलादपूरच्या पुढे आमच्या गावात मात्र शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा. पालखी बसली की गावातल्या झाडून सगळ्या गाड्या सहाणेसमोर रांगेत लावायच्या, आणि धोंडू गुरवाने एकेका गाडीपुढे नारळ फोडून तिला गुलाल लावायचा, असा आमचा रिवाज आहे. बैलगाड्यांच्या काळापासूनचा म्हणतात. रांगेत पहिली जागा कोणाची हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. गेली काही वर्षं ती जागा माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे भागोजीच्या, अंड्यांच्या पिकअपची होती. त्या वर्षीच्या शिमग्यात माझी स्कूटर तिच्या मागच्या चाकाशी उभी होती. धोंडूने पिकअपपुढे नारळ फोडला, हार घातला, बॉनेटवर गुलालाने स्वस्तिक काढलं आणि तो तसाच पलीकडच्या ट्रॅक्टरकडे निघाला. मी खाकरलो. तेव्हा त्याने वळून पाहिलं आणि हातातल्या फुटक्या नारळातलं उरलंसुरलं पाणी स्कूटरच्या दिशेने शिंपडलं. ‘झालं गो बाय तुझंपन,’ असं तो म्हणाला. मला नव्हे, स्कूटरला.

मी एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. महाडात मला उतेकर साहेब म्हणतात. गावात सदू म्हणतात, त्याला माझी हरकत नाही, पण माझ्या वाहनाशी परस्पर बोलणं मला लागलं.

हे घडत असताना भागोजी पिकअपला टेकून दुसरीकडे बघत होता. तो तेव्हा माझ्याकडे बघत नसे आणि बोलतही नसे. कारण आमच्या फाटकासमोरचा गतिरोधक, जो मी मंजूर करून आणला. आमचं गावचं घर रस्त्याला लागून आहे. भागोजीने पिकअप घेतल्यापासून तो आमच्या अंगणासमोरून अशा वेगाने जायचा, की ओटीवर वाळत घातलेले पापड संध्याकाळी लाल मातीचे होऊन उठायचे. मी त्याला समजावत बसलो नाही. समजावणं हे नोकरीत नसलेल्या माणसांचं काम. मी अर्ज केला, मग स्मरणपत्र दिलं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र दिलं, आणि रस्ता झाला तेव्हा ठेकेदाराच्या डोक्यावर उभं राहून असा भक्कम गतिरोधक घालून घेतला की त्याच्या उद्घाटनाचा नारळ त्याच्यावरच फोडला. फोडण्याआधी शेजारी ठेवून बघितला, तर दोघांची उंची तंतोतंत एक. गावाने त्याला नाव दिलं, सदूचं टेंगूळ. माझ्या नावाने ओळखलं जाणारं गावातलं ते एकमेव बांधकाम.

पहिल्याच आठवड्यात भागोजीची अंडी ट्रेच्या ट्रे फुटली. तो फाटकाशी आला आणि टेंगूळ जरा खाली करून घे म्हणाला. मी ओटीवर चहा पीत होतो. ‘लेखी दे,’ मी म्हणालो. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. टेंगळापाशी आला की तो पिकअप तिरकी करायचा, एकेक चाक अलगद उतरवायचा, आणि ते होईपर्यंत हॉर्नवरचा हात काढायचा नाही.

तर पुढच्या शिमग्याला सहाणेसमोरची पहिली जागा माझी, आणि भागोजीची पिकअप माझ्या मागे, एवढी साधी माझी मागणी होती. त्यासाठी गाडी हवी, आणि ती अशी हवी की धोंडूची तिच्याशी बोलायची छाती होऊ नये. नवी जर्मन गाडी निवृत्त माणसाला परवडत नाही. जुनी परवडते, असं लोक म्हणतात. त्या विषयावर मी इथे बोलणार नाही. नीलाही बोलत नाही. नीला म्हणजे माझी बायको, आणि ती ज्या विषयावर बोलत नाही तो विषय आमच्या घरात जेवणाच्या ताटाशी पाट मांडून बसलेला असतो.

महाडात आम्ही चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत राहतो. उतेकर जुनी भारी गाडी घेणार ही बातमी गल्लीत पसरली आणि माझ्याकडे सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, पेट्रोलच घ्या, आमच्या जावयाने डिझेल घेतलं. पुढे ते जावयाबद्दलच बोलत राहिले. औषधांच्या दुकानवाल्याने सनरूफशिवाय घेऊ नका असं बजावलं. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने ऊन डोकं फोडतं, तरी छताला खिडकी हवीच, असं त्याचं मत होतं. सीट कोणत्या रंगाच्या असाव्यात यावर जिन्यात एक छोटी बैठक झाली. लाल मातीच्या मुलखात बदामी रंगाच्या सीट घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं तिथे एकमताने ठरलं, आणि नंतर मी घेतलेल्या गाडीच्या सीट बदामीच निघाल्या. सगळ्यांचा मिळून एकच सल्ला समान होता, गाडी पुरात बुडालेली नाही ना ते बघा. महाडकराला हे शिकवावं लागत नाही. तो जुनी गाडी आधी हुंगतो आणि मग बघतो.

यात वरच्या मजल्यावरचा सुहास सगळ्यांच्या पुढे गेला. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. दिवसभर पाइपांमधल्या दाबाचे काटे बघून आलेला माणूस घरी विरंगुळा म्हणून काहीतरी वाचणारच. सुहास गाड्यांची स्पेसिफिकेशन वाचतो. त्याच्या स्वतःकडे मोटरसायकल आहे, त्यामुळे त्याचं ज्ञान निर्भेळ राहिलेलं आहे. त्याचा सिद्धांत असा, की एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या बाहेरून जुळ्या दिसतात, पण आतून एक राजा असते आणि दुसरी भिकारी. कंपनीतून निघताना पहिल्या मालकाने कोणकोणत्या गोष्टी जादा घातल्या होत्या, हे ज्याला ओळखता आलं तो तरला. मला हे पटलं. आमच्या कचेरीतही एकाच हुद्द्याची माणसं आतून फार वेगवेगळी असत.

नीलाच्या अटी दोनच होत्या. डिकी मोठी हवी आणि गाडी टेंगळावरून गेली पाहिजे. मी तिला म्हणालो, तुला यंत्रातलं काही कळत नाही. ते वाक्य तिने जपून ठेवलं आहे आणि अजून वापरते. पुण्याहून आमच्या लेकीने, स्नेहलने, फोनवर विचारलं, की बाबा, गाडी कशासाठी हवी आहे? मी सुरक्षितता म्हणून सांगितलं. पुण्यात कंपनीत बसून लोकांना कामाला लावणाऱ्या मुलीला नारळाच्या पाण्याचं प्रकरण कसं सांगणार?

पनवेलच्या अलीकडे यशराज नावाच्या एका तरुणाची जुन्या भारी गाड्यांची शोरूम होती. तिथे नीला, सुहास आणि मी गेलो. यशराज वाक्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ‘सर’ म्हणायचा, मधला मजकूर त्या मानाने कमी असायचा. आम्ही तिघांनी आधी गाड्यांमधले पायाखालचे गालिचे उचलून हुंगले. तो म्हणाला, सर, महाडहून आलात का सर.

माझ्यासमोर तीन गाड्या होत्या. पहिली उंच, तपकिरी, दणकट अंगाची. नीला तिच्यात चढून बसली आणि तिथून उतरेना. तिच्याखाली जागा इतकी होती की नारळच काय, नारळ विकणारा गेला असता. पण सुहास तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि हळूच म्हणाला, साहेब, लांबून ही पिकअपसारखीच दिसते. तिथेच तिचा निकाल लागला. दुसरी आणि तिसरी गाडी जुळ्या होत्या, लांबलचक आणि करड्या. यशराजने सांगितलं की दुसरी साधी आणि तिसरी स्पोर्ट पॅकेजवाली. सुहासच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. स्पोर्ट पॅकेज म्हणजे काय असं मी विचारलं, तर तो म्हणाला, साहेब, सगळंच जास्त. चाकं मोठी, स्टिअरिंग जाड, बसणं घट्ट. त्या पॅकेजात गाडीची उंची मात्र कमी केलेली असते, हे त्याला माहीत होतं की नाही यावर आमचा अजून वाद आहे. मला वाटलं, जो माणूस इतकं सगळं जास्त देतो तो उंचीत कशाला कंजूसपणा करेल.

नीला तपकिरी गाडीतून उतरून आली. तिच्या पिशवीत नारळ होता, व्यवहार ठरल्यावर फोडायला आणलेला. ती स्पोर्ट पॅकेजच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने नारळ गाडीखाली घरंगळत सोडला. दुसऱ्या बाजूला सुहास झेलायला बसला होता. नारळ गेला. मग मी फरशीवर आडवा होऊन बघितलं, नारळाच्या वर दोन बोटं जागा उरत होती. यशराजने शोरूमचं दार लोटून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. टेंगूळ नारळाएवढं आणि गाडी नारळ अधिक दोन बोटं, याहून सरळ हिशेब मी नोकरीतही केला नव्हता. नीला म्हणाली, ‘आणि सामान भरल्यावर?’ पण तेवढ्यात सुहासने टॉर्कचा विषय काढला आणि तिचा प्रश्न त्याखाली गेला.

गाडी नावावर करण्याचं काम मी स्वतः केलं, एजंट लावला नाही. कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला जन्म काढलेला माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला, की त्याला काय वाटतं ते मी सांगणार नाही. आतल्या तरुण कारकुनाने कागद बघितले, मग उठून बाहेर येऊन गाडी बघितली. कागदावर रंग करडा आणि गाडी निळी, असं तो म्हणाला. मी म्हणालो, करडीच आहे. तो म्हणाला, उन्हात निळी आहे. खरोखरच उन्हात ती निळी दिसत होती. मी गाडी सावलीत लावली तर करडी झाली, पण तोवर त्याची जेवणाची वेळ झाली होती. परत आल्यावर मी त्याला सांगितलं की मीही असाच खिडकीत बसत होतो. तो आनंदाने म्हणाला, मग तुम्हाला माहीतच आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं आणि काम झालं.

शिमग्यात पालखीच्या दिवशी सकाळी मी गाडी धुतली. गल्लीतले लोक खिडक्यांतून बघत होते. सुहास रजा घेऊन तांत्रिक सल्लागार म्हणून माझ्या शेजारी बसला. नीलाने डिकीत गावच्या घरासाठी गॅसचा सिलिंडर, सतरंज्यांचं गाठोडं, डाळगुळाचे डबे आणि एक पाटा-वरवंटा भरला. पाटा कशाला, असं मी विचारलं. गावच्या पाट्याला टाकी लावायला माणूस मिळत नाही, म्हणून इथला नेते, असं तिने सांगितलं. महामार्गावरून पोलादपूरपर्यंत गाडी अशी गेली की मला भागोजीची दया येऊ लागली.

आता आमच्याकडचा एक कायदा सांगायला हवा. गावाकडे चाललेली गाडी रिकामी जात नाही. पोलादपूरच्या स्टँडवर गावचं माणूस उभं दिसलं आणि तुम्ही काच वर करून निघून गेलात, तर पुढच्या तीन पिढ्या तुमच्या घरच्या लग्नाला कोणी येणार नाही. हा कायदा मी जन्मापासून पाळतो आहे. शोरूमच्या फरशीवर आडवा पडलो तेव्हा मात्र तो आठवला नाही.

स्टँडवर बनुबाई उभी होती. ती आमच्या वाडीतली, वयाने माझ्या आईएवढी. तिच्याजवळ सुकटीच्या दोन टोपल्या होत्या. ‘सदू, ही तुझी गाडी हाय? मग माझी सुकट चढव रे,’ ती म्हणाली. सुकट डिकीत चढली आणि बनुबाई मागे नीलाशेजारी बसली. तेवढ्यात रस्त्यापलीकडून धोंडू गुरव धावत आला. पालखीचे नारळ कमी पडतील म्हणून तो भरलेलं पोतं घेऊन एसटीची वाट बघत होता. गेल्या वर्षी माझ्या स्कूटरवर पाणी शिंपडणारा माणूस आज माझ्या गाडीची काच ठोठावत होता, तेव्हा मला फार बरं वाटलं. मी डिकी उघडायला गेलो तर तो अडून बसला. देवाचे नारळ सुकटीला लागून ठेवायचे नाहीत. पायाशीही ठेवायचे नाहीत. शेवटी तांत्रिक सल्लागार मागे गेला, धोंडूही मागे बसला, आणि नारळांचं पोतं माझ्या शेजारच्या बदामी सीटवर विराजमान झालं.

गाडीला ते पोतं माणूस वाटलं. पट्टा बांधा म्हणून ती टुंग टुंग वाजायला लागली आणि काही केल्या थांबेना. धोंडूने मागून उतरून येऊन नारळांना पट्टा बांधला. ‘देवाचं हाय, जपून ने गो,’ असं तो गाडीला म्हणाला. म्हणजे तो जर्मन गाडीशीही बोलला. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

गावच्या फाट्याला वळलो आणि आरशात पिकअप दिसली. भागोजी अंडी उतरवून रिकामी गाडी घेऊन सहाणेकडे निघाला होता. अरुंद रस्ता, तो मागे आणि मी पुढे. सगळं माझ्या मनासारखं जमून आलं होतं. देवळाकडून ढोल ऐकू येत होता. समोर आमचं फाटक आलं आणि फाटकासमोर टेंगूळ. मागून सुहास म्हणाला, साहेब, तिरकी घाला. एकेक चाक उतरवा. नीलाही तेच म्हणाली. पण तिरकी करून एकेक चाक उतरवणं ही भागोजीची पद्धत होती, आणि तो मागून बघत होता. मी गाडी सरळ घातली.

पुढची चाकं चढली आणि उतरली. मग पोटाखालून एक लांब, खरबरीत आवाज आला, आणि गाडी थांबली. मी पाय दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, लाल धुळीचा लोट उठला, आणि आतल्या काचेवर केशरी रंगाचं उद्गारचिन्ह लागलं. बनुबाईने मला विचारलं, की सदू, तुझं घर आलं म्हणून थांबलास का?

मागून हॉर्न वाजला. मग हॉर्न थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

आम्ही सगळे उतरलो. गाडी दोन बोटं वर आली, पण तिच्या पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण टेंगळाच्या कडेत असं अडकलं होतं की पुढे घेतली तरी करकरे आणि मागे घेतली तरी करकरे. सुहास वाकून बघून म्हणाला की ओढली तर आवरण जाईल आणि आवरणाबरोबर आणखी काय काय जाईल ते सांगता येत नाही. जॅक लावायचा तर गाडीखाली जॅक घालायला जागा पाहिजे, आणि मुळात तीच नव्हती. ढोल एकाएकी थांबला. पालखी सजून तयार होती आणि गुरवाचा पत्ता नव्हता, म्हणून लोक त्याला शोधत खाली आले. त्यांना गुरव, नारळ, सुकट, भागोजी आणि मी असे सगळे टेंगळाभोवती सापडले. बघता बघता अख्खं गाव जमलं. देव सहाणेवर खोळंबला होता तो माझ्यामुळे, आणि हे गाव विसरणार नाही हे मला कळून चुकलं.

धोंडूने गाऱ्हाणं घालायला हात जोडले. ‘बा देवा महाराजा, हा सदू उतेकर तुझंच लेकरू हाय. महाडास्नं गाडी घेऊन आला, ती टेंगळावर बसली. जशी बसली तशी उठव. आन् पुढल्या खेपेला त्याला जरा उंच बुद्धी दे.’ सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले. त्यात भागोजीचा आवाज सगळ्यांत वर होता.

मग भागोजी पिकअपकडे गेला आणि लोखंडी पहार घेऊन आला. टेंगळाची एवढी कड उडवली की गाडी सुटेल, हे लोकांच्या ध्यानात आलं. पहार टेंगळावर टेकवून तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच वर्षांनी बघत होता.

‘फोडू?’ तो म्हणाला.

‘फोड,’ मी म्हणालो.

‘सरकारी हाय ते. लेखी दे.’

नीलाने पदर तोंडाला लावला, ती खोकत होती असं नंतर म्हणाली. मी त्याला म्हणालो की देव खोळंबलाय, तोंडी सांगतो. तो म्हणाला, तोंडी मीपण सांगितलेलं, चहा पीत होतास तू. गाडीच्या कागदांच्या फायलीत एक कोरा कागद होता. जर्मन बॉनेटवर तो ठेवून, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवलेल्या मी अर्ज लिहिला. विषय, माझ्या विनंतीवरून बसवलेला गतिरोधक माझ्या विनंतीवरून फोडण्याबाबत. भागोजीने तो हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा सावकाश वाचला.

‘तारीख नाय,’ तो म्हणाला. मी तारीख घातली.

‘खाली आपला नम्र नाय.’

मी आपला नम्र असं लिहिलं. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि पहार मारली. तिसऱ्या घावाला टेंगळाची कड निखळली आणि गाडी सुटली.

सहाणेसमोर मी पहिला पोचलो. पहिली जागा मला मिळाली, पिकअप माझ्या मागे लागली, म्हणजे वर्षभर ज्याच्यासाठी तडफडलो ते सगळं झालं. पण गावातलं एकही माणूस गाडीकडे बघत नव्हतं; सगळे माझ्याकडे बघून ‘आपला नम्र’ म्हणत होते. धोंडू घाईत होता. उशीर झालाय, दोघांत एक, असं म्हणून त्याने एकच नारळ फोडला, अर्धं माझ्या बॉनेटवर ठेवलं आणि अर्धं भागोजीच्या. माझ्या अर्ध्याची नीलाने दुसऱ्या दिवशी चटणी केली. पाटा कामाला आला.

कड गेलेलं टेंगूळ चार दिवसांत डंपरांखाली भुईसपाट झालं आणि रस्त्याला पंख फुटले. भागोजी एकटा नव्हता, मोटरसायकली, खडीचे डंपर, सगळेच आमच्या फाटकासमोरून सुसाट जायला लागले. महिन्याभराने आम्ही पुन्हा गावी गेलो, तेव्हा ओटीवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ होती. मी ती बघत उभा असताना फाटक वाजलं. भागोजी होता. त्याच्या हातात मेलेली कोंबडी होती, रस्त्यावर चिरडलेली.

‘टेंगूळ घाल परत,’ तो म्हणाला. ‘पन माझी अंडी फुटता नयेत.’

‘आणि माझी गाडी अडकता कामा नये,’ मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी जे केलं त्याला सुहास चाचणी म्हणतो. रस्त्यावर मातीचा ढीग घालायचा, एक ट्रे अंडी ठेवून पिकअप त्यावरून न्यायची, मग माझी गाडी. माझी गाडी रिकामी न्यायची नाही, असं नीलाने बजावलं. बनुबाई, सुहास, सिलिंडर आणि पाटा आत बसवून मी ती नेली. ढीग थोडा उतरवायचा, पुन्हा न्यायची. बनुबाईला हे इतकं आवडलं की ती उतरायलाच तयार नव्हती. अखेर एक उंची अशी सापडली की अंडंही फुटलं नाही, गाडीही घासली नाही, आणि तिच्यावरून जाताना डंपरला मात्र वेग कमी करावाच लागला. मोजायला काही नव्हतं. भागोजी घरात गेला आणि शिमग्याच्या त्या नारळाची आपल्याकडची करवंटी घेऊन आला. पालथी घालून ढिगाशेजारी ठेवली, तर उंची तंतोतंत. योग्य स्पेसिफिकेशन निवडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

मी अर्ज केला. दोघांच्या सह्या आहेत, आधी त्याची, खाली माझी. गतिरोधकाची उंची, एक पालथी करवंटी. कचेरीतून उत्तरही लगेच आलं, आमच्या वेळेपेक्षा कारभार सुधारलाय. प्रस्ताव योग्य आहे, पण मोजमापासाठी नमुना सोबत जोडावा असं त्यात म्हटलं आहे.

करवंटी भागोजीकडे आहे. मी काल मागायला गेलो होतो. तो ओटीवर चहा पीत होता. त्याने माझ्यासाठीही एक कप आणायला सांगितला, मला शेजारी बसवलं, चहा होऊ दिला, आणि मग म्हणाला, ‘लेखी दे.’